फॅमिलीसर्च : साताऱ्यात बसून वाचलेले कनेक्टिकटचे दफ्तर

माझ्या सुनेचे माहेर अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात आहे. तिचे वडील, म्हणजे आमचे व्याही, यंदा ७६ वर्षांचे झाले. इंग्रजी अमलात आपल्या घराण्यातील एक पुरुष मिलिशियाचा कॅप्टन होता, असे त्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकले होते आणि ते कागदोपत्री सिद्ध व्हावे अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. १८९२ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ कलोनिअल वॉर्स नावाची एक संस्था आहे. १३ मे १६०७ ते १९ एप्रिल १७७५ या काळात वसाहतींच्या चाकरीत असलेल्या पुरुषाचे आपण थेट वंशज आहोत, हे जो प्रत्येक पिढीच्या पुराव्यानिशी दाखवील त्यालाच तेथे सभासद होता येते. मी साताऱ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात ३१ वर्षे नोकरी केली आणि मोडी वाचते, एवढ्या भांडवलावर व्याह्यांनी हे काम विश्वासाने माझ्याकडे सोपवले. गेले चौदा महिने मी ते फॅमिलीसर्च या पूर्वज शोधण्याच्या विनामूल्य संगणकीय सेवेच्या आधारे करीत आहे. परदेशी सोयरिकी झालेली घरे आता आपल्याकडे बरीच आहेत आणि असे काम कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. घराण्याचे व गावाचे नाव ही व्याह्यांची खाजगी बाब असल्यामुळे ते येथे दिलेले नाही.

प्रथम सेवेविषयी. फॅमिलीसर्च ही चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथाने चालवलेली संस्था आहे. तिचे मूळ १८९४ साली स्थापन झालेल्या जिनिऑलॉजिकल सोसायटी ऑफ यूटाह या मंडळीत आहे. पूर्वजांच्या नावे धार्मिक विधी करता यावेत, यासाठी वंशावळी शोधणे हे त्या पंथात कर्तव्य मानले जाते. त्या श्रद्धेपोटी १९३८ पासून त्यांनी जगभरच्या नोंदवह्यांचे मायक्रोफिल्मवर चित्रण केले आणि त्याच्या मूळ प्रती सॉल्ट लेक सिटीजवळ डोंगराच्या पोटात कोरलेल्या कोठारात ठेवल्या. सुमारे २४ लाख रिळांचा तो संग्रह संगणकावर आणण्याचे काम २०२१ साली पूर्ण झाले. खाते उघडण्यास पैसे लागत नाहीत, बँकेच्या कार्डाचा क्रमांक द्यावा लागत नाही आणि धर्माविषयी कोणतीही अट नाही. आपल्या वाचकांना विशेष वाटावे असे म्हणजे हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही चित्रण या मंडळींनी केलेले आहे. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला आपल्या तीर्थोपाध्यायाकडे आजोबा-पणजोबांच्या हातची सही ज्यांनी पाहिली असेल, त्यांना अशा वह्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

मिलिशिया म्हणजे पगारी पलटण नव्हे, हे मला आधी नीट समजून घ्यावे लागले. न्यू इंग्लंडच्या वसाहतींत सोळा वर्षांवरील बहुतेक पुरुषांना स्वतःची बंदूक बाळगून नेमलेल्या दिवशी गावच्या मैदानावर कवायतीला यावे लागे, आणि गावच्या अशा तुकडीला ट्रेनबँड म्हणत. तुकडीचा मुख्य कॅप्टन, त्याच्या हाताखाली लेफ्टनंट आणि निशाणाचा मानकरी एन्साइन. कनेक्टिकटमध्ये हे अधिकारी तुकडीने निवडायचे आणि वसाहतीच्या जनरल असेंब्लीने त्यांना मंजुरी द्यायची, अशी पद्धत होती. असेंब्ली १७०१ नंतर मे महिन्यात हार्टफर्डला आणि ऑक्टोबरमध्ये न्यू हेवनला भरत असे. १७३९ साली या सगळ्या तुकड्या तेरा रेजिमेंटांत बांधण्यात आल्या. असेंब्लीच्या कामकाजाचे जुने दप्तर १८५० ते १८९० या काळात पंधरा खंडांत छापून निघालेले आहे आणि त्यात प्रत्येक अधिवेशनाखाली ‘अमुक गावच्या ट्रेनबँडचा लेफ्टनंट म्हणून अमुक यास कायम केले’ अशी एकेक ओळ सापडते. आमच्या पूर्वजाच्या अशा तीन ओळी मिळाल्या, एन्साइन, लेफ्टनंट आणि कॅप्टन. पुढे सगळ्या शोधाला याच तीन ओळींनी आधार दिला.

कारण असे की, हुद्दा एकदा मिळाला की तो माणसाच्या नावाला मरेपर्यंत चिकटे. खरेदीखतात, चर्चच्या वहीत, मुलाच्या जन्मनोंदीत, थडग्याच्या दगडावर सर्वत्र नावाआधी हुद्दा लिहिला जाई. आपल्याकडे नावामागे पाटील किंवा देशमुख लागते, पण ती वतनाची पदवी असल्याने बापाकडून मुलाकडे जाते. एन्साइन किंवा कॅप्टन ही पदवी त्या एका माणसाचीच असे. एकाच गावात एकाच नावाचे तीन पुरुष असतील आणि एखाद्या कागदात नावाआधी ‘एन्साइन’ लिहिले असेल, तर तो कागद कोणाचा आणि साधारण कोणत्या वर्षांमधला, हे दोन्ही एकदम ठरते. हे लक्षात आले त्या दिवशी मला नोकरीतल्या वारसनोंदींची फार आठवण झाली, कारण एकाच गटात तीन ‘ज्ञानू बिन बाळू’ आले की आम्हीही असाच एखादा खुणेचा शब्द शोधत बसायचो.

आता सेवा प्रत्यक्ष वापरताना काय होते ते सांगते. साधा शोध, म्हणजे नाव आणि गाव टाकून मिळणारी यादी, नवख्याला मोहात पाडते. तिच्यात ज्यांची सूची तयार झालेली आहे अशाच नोंदी येतात. अठराव्या शतकातल्या कनेक्टिकटची खरी संपत्ती सूचीबाहेर आहे आणि ती ‘कॅटलॉग’मधून गावाचे नाव निवडून, मग जमीन किंवा मृत्युपत्रे असा विषय निवडून, एकेक खंड उघडून पानापानाने वाचावी लागते. बहुतेक जमीनवह्यांना सुरुवातीला देणार आणि घेणार यांची हस्तलिखित सूची जोडलेली आहे, त्यामुळे काम वाटते तेवढे अवघड नाही. आपल्याकडच्या माणसाने एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्यावी. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये खरेदीखते काउंटीच्या, म्हणजे साधारण जिल्ह्याच्या दफ्तरात नोंदवली जात, तर कनेक्टिकटमध्ये ती गावच्या टाउन क्लार्ककडे नोंदवली जात, आणि मृत्युपत्रे तिसऱ्याच ठिकाणी, प्रोबेट डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे मृत्युपत्रे व वारसाची कामे पाहणाऱ्या कचेरीच्या हद्दीत. शिवाय जुन्या गावातून नवे गाव फुटे, डिस्ट्रिक्टच्या हद्दी बदलत. तासगाव किंवा वाळव्याच्या माणसाला १९४९ पूर्वीचा कागद साताऱ्यात शोधावा लागतो, कारण दक्षिण सातारा जिल्हा तोवर झालाच नव्हता आणि त्याचे नाव सांगली झाले ते १९६० साली. तिकडचा प्रकारही याच जातीचा आहे. कोणत्या वर्षी कोणते गाव कोणाच्या हद्दीत होते हे फॅमिलीसर्चच्याच ‘रिसर्च विकी’त, म्हणजे तेथील माहितीकोशात, स्पष्ट दिलेले आहे. माझ्या मते ही विकी या सेवेचा सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत शहाणा भाग आहे. शोध सुरू करण्यापूर्वी त्या राज्याचे पान दोनदा वाचावे.

अक्षराची अडचण मला फारशी आली नाही. लांब शेपटीचा ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, ‘कॅप्टन’चा शेवटचा ‘टी’ वर चढवून लिहिलेला असतो, नावे अर्धीच लिहून पुढे टिंब दिलेले असते. ‘राजश्री’चे ‘रा.’ आणि तारखेआधीचा चंद्राचा ‘छ’ वाचायची सवय असलेल्या डोळ्याला हे परके वाटत नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे आपल्या जिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची विचारपूस वाढली आहे आणि अनेक तरुण मुलेमुली नव्याने मोडी शिकत आहेत. त्यांना मी आवर्जून सांगते की, एक जुनी लिपी वाचता आली की दुसरी वाचण्याची हिंमत आपोआप येते.

तारखांनी मात्र मलाही चकवले. कॅप्टनने करून दिलेले एक खरेदीखत नोव्हेंबर १७४१ चे होते आणि त्याच्या मालमत्तेची मृत्यूनंतरची यादी फेब्रुवारी १७४१ ची. मेलेल्या माणसाने नऊ महिन्यांनी जमीन विकली, असा त्याचा अर्थ होत होता. इंग्रजी मुलखात १७५२ पर्यंत जुनी कालगणना चालू होती आणि सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, हे ठाऊक झाल्यावर गाठ सुटली, कारण त्या हिशेबाने १७४१ चा फेब्रुवारी हा १७४१ च्या नोव्हेंबरनंतर येतो. जाणते कारकून अशा तारखेला ‘१७४१/२’ असे जोडवर्ष लिहीत, पण सगळेच लिहीत नसत. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्मही जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१/२ असा नोंदलेला आहे आणि आज तो २२ फेब्रुवारी १७३२ म्हणून पाळला जातो. मृग लागला की मोडी कागदांतला सुहूर सन पालटतो आणि ‘इसन्ने’चा (दोनचा) ‘सलास’ (तीन) होतो, हे पाठ असलेल्या मला ही चूक व्हायला नको होती. थडग्यावरच्या वयाचेही तसेच. कनेक्टिकटमधील थडग्यांचे लेख १९३० च्या दशकात उतरवून घेतले गेले आणि तो संग्रह हेल कलेक्शन म्हणून ओळखला जातो. त्यात आमच्या कॅप्टनचे वय ‘५८ व्या वर्षात’ असे आहे, म्हणजे ५७ पुरी होऊन अठ्ठावन्नावे लागले होते. एक वर्षाचा हा फरक जन्मनोंद जुळवताना महत्त्वाचा ठरला.

आता मुख्य पेच. दुसऱ्या एका सशुल्क संकेतस्थळावर, ज्याचे नाव मी घेत नाही, व्याह्यांनी पूर्वी वर्गणी भरली होती आणि मुदत संपल्यावर पुढच्या वर्षाचेही पैसे त्यांच्या खात्यातून न विचारता गेले होते. तेथे त्यांना कॅप्टनची आयती वंशावळ मिळाली होती, तीत त्याच्या बापाचे नावही तेच होते आणि त्यापुढे ‘सीनियर’ लिहिलेले होते. बाप सीनियर आणि मुलगा ज्युनियर, असा सरळ अर्थ लावून पंधरा-वीस जणांनी तीच वंशावळ एकमेकांची पाहून उतरवली होती. वसाहतीच्या काळात या दोन शब्दांचा अर्थ तसा बांधलेला नव्हता. एकाच नावाचे दोन पुरुष गावात असले तर थोरला तो सीनियर आणि धाकटा तो ज्युनियर, मग ते चुलता-पुतणे असोत की कोणीच नसोत. थोरला वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होई. ‘कझिन’ हा शब्दही त्या काळी पुतण्याला किंवा भाच्याला वापरला जाई. कनेक्टिकटच्या जन्म-मृत्यू नोंदींची जी प्रसिद्ध वर्णानुक्रमे लावलेली बार्बर कलेक्शन आहे, ती पाहून माझा संशय बळावला, पण सूची ही सूचीच असते आणि तिच्यावर निवाडा देता येत नाही.

निवाडा मिळाला तो ‘फुल टेक्स्ट सर्च’ या सोयीतून. ही सोय फॅमिलीसर्चने २०२४ पासून सर्वांना दिली. यंत्राने जुन्या हस्ताक्षरातील जमीनवह्या आणि मृत्युपत्रे वाचून काढली आहेत आणि त्यामुळे सूचीत नसलेले, कागदाच्या पोटात आलेले नावही शोधता येते. आडनावासोबत हुद्दा जोडून, स्पेलिंगमधल्या अनिश्चित अक्षरांच्या जागी तारांकनाचे (*) चिन्ह घालून मी चारपाच प्रकारांनी शोध घेतला आणि त्यातला एक कागद व्हॉलंटाउन या गावच्या वहीतून निघाला. आमच्या घराण्यातले कोणी त्या गावी कधी राहिलेच नव्हते, त्यामुळे तेथे शोधण्याचे मला आयुष्यात सुचले नसते.

या गावाच्या नावातच त्याचा इतिहास आहे. १६७५ साली वसाहतवाले आणि तेथील मूळ रहिवासी यांच्यात किंग फिलिप्स वॉर या नावाने ओळखले जाणारे युद्ध पेटले. त्यात वसाहतवाल्यांनी १९ डिसेंबर १६७५ रोजी ऱ्होड आयलंडच्या दलदलीत नॅरागॅन्सेट लोकांच्या तटबंद वस्तीवर हल्ला केला आणि बायकामुलांसह शेकडो माणसे मारली. जे स्वयंसेवक या युद्धात लढले त्यांना कनेक्टिकटने १७०० साली एक जमिनीचा पट्टा इनाम दिला आणि व्हॉलंटियरांचे गाव म्हणून ते व्हॉलंटाउन झाले. ज्यांची भूमी होती त्यांच्याच मुलखातून हे इनाम कापले गेले होते, ही गोष्ट वंशावळ लिहिताना झाकू नये असे मी व्याह्यांना कळवले आणि त्यांनी ती मान्य करून आपल्या टिपणात घातली. तर, त्या वहीत आमच्या पूर्वजाने आपला हिस्सा विकल्याचे खत आहे. त्याने स्वतःला लेफ्टनंट म्हणवले आहे आणि हा हक्क आपल्या कैलासवासी वडिलांचा असून ते नॅरागॅन्सेटच्या युद्धात स्वयंसेवक होते, असे बापाचे नाव घेऊन लिहिले आहे. ते नाव ‘सीनियर’चे नाही. ‘सीनियर’ हा कॅप्टनचा चुलता होता. त्या रात्री मी कागद तीनदा वाचला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचला आणि मगच मुलाला फोन केला. एका वाक्यात लेफ्टनंट हा हुद्दा, बापाचे नाव, बापाची चाकरी आणि जमिनीचा हक्क असे चारही धागे येतात, असा कागद नोकरीत मला दोनदाच मिळाला होता.

यंत्राच्या वाचनावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. तारखा, आकडे आणि शेपटीचा ‘एस’ यांत त्याची गफलत होऊ शकते, म्हणून उताऱ्याशेजारचे मूळ पानाचे चित्र स्वतः वाचलेच पाहिजे. चित्र उतरवून घेताना खंडाचे नाव, पान आणि फिल्मचा क्रमांक लिहून ठेवावा. काही खंडांची चित्रे मूळ दफ्तराच्या मालकांशी झालेल्या करारामुळे घरून उघडत नाहीत आणि ती फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयातच पाहता येतात. अशा दोन खंडांसाठी माझी सून तिच्या गावाजवळच्या ग्रंथालयात दोन शनिवार जाऊन बसली आणि पाने टिपून तिने मला पाठवली. साताऱ्यातून एकट्याने हे काम करणाऱ्याला ही मर्यादा जाणवेल.

सेवेचा जो भाग मी जपून वापरा असे सांगेन तो म्हणजे तेथील सामाईक वंशवृक्ष. सगळ्या जगाचा मिळून एकच वृक्ष, अशी ती कल्पना आहे आणि कोणीही खातेदार मृत व्यक्तीच्या नोंदीत बदल करू शकतो. ज्या नोंदीखाली मूळ कागद जोडलेला आहे ती वाचण्यासारखी असते; ज्या नोंदीखाली काहीच नाही, किंवा दुसऱ्या वंशवृक्षाचाच हवाला आहे, ती ऐकीव गोष्ट समजावी. वसाहतीच्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत हे जास्तच खरे आहे, कारण मिलिशियाचा कॅप्टन म्हटला की त्याचे मूळ इंग्लंडच्या एखाद्या उमराव घराण्यात नेऊन पोचवण्याचा मोह फार जुना आहे. गुस्ताव्ह अंजू (१८६३–१९४२) या माणसाने तर श्रीमंत अमेरिकनांना अशा बनावट वंशावळी रचून देण्याचा धंदाच केला आणि त्याने घुसडलेली नावे आजही छापील ग्रंथांतून वृक्षांवर चढलेली दिसतात. आपल्याकडे वतनाच्या भांडणात सादर होणाऱ्या करिन्यांत, म्हणजे घराण्याच्या हकिकतींत, मूळ पुरुष थेट उत्तरेच्या राजकुळातून आलेला असतो, त्यातलाच हा प्रकार. इंग्लंडमध्ये पॅरिश रजिस्टरे १५३८ पासून आहेत, पण नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे होत नाही. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष १६३० च्या दशकात बोटीने आला, एवढे मी कागदावर दाखवू शकते. त्याचे इंग्लंडातले गाव मी कोरे ठेवले आहे आणि व्याह्यांच्या बैठकीत लावलेले कुलचिन्ह त्यांनी स्वतःहून उतरवून ठेवले.

दफ्तरखाना म्हणून या सेवेला मी पाचपैकी पाच गुण देते, आयती वंशावळ म्हणून दोन. दफ्तरखाना म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर रुमालात बांधलेले बस्ते, अर्जावरची तिकिटे आणि ‘उद्या या’ हे शब्द आहेत. तीनशे वर्षांपूर्वीच्या परक्या मुलखाचा कागद गोडोलीतल्या माझ्या घरी, पहाटे साडेपाचला, कोणाच्याही परवानगीवाचून उघडतो, याची किंमत मला समजते. असेच काम आपल्या जिल्ह्याच्या कडईपत्रकांचे आणि जुन्या हक्कनोंदींचे, असेच सर्वांसाठी खुले आणि मूळ चित्रांसह झाले, तर माझ्यासारख्या निवृत्त माणसांचे पुढचे दिवस कारणी लागतील.

सोसायटी ऑफ कलोनिअल वॉर्सकडे व्याह्यांचा अर्ज आता बारा पिढ्यांच्या कागदांसह गेला आहे. माझे काम मात्र संपलेले नाही, कारण कॅप्टनच्या पत्नीचे माहेर अजून सापडत नाही. मुलांच्या जन्मनोंदीत तिचे पाळण्यातले नाव तेवढे आहे. बाप वारल्यावर मालमत्तेची वाटणी करताना ‘अमुक, कॅप्टन अमुक याची पत्नी’ असे लिहून मुलीचा हिस्सा काढून देत, म्हणून शेजारच्या प्रोबेट डिस्ट्रिक्टचे १७१० ते १७४० चे खंड मी आता वाचायला घेतले आहेत. पहिल्या खंडाची १८० पाने झाली आहेत.